कुलूप उघडायला माणूस लागतो: तुरुंगाचं बजेट कापलं की नेमकं काय होतं

दवाखान्यात खाटा संपल्या की रुग्णाला पुढची तारीख देता येते. शाळेला 'प्रवेश बंद'चा फलक लावता येतो. तुरुंगाला यातलं काहीच करता येत नाही. कोर्टाने दुपारी चार वाजता शिक्षा सुनावली तर त्याच रात्री त्या माणसाला कोठडी, गादी आणि जेवण द्यावं लागतं, आत जागा असो वा नसो. माणसं किती येणार हे कोर्ट ठरवतं, किती दिवस राहणार हे कायदा ठरवतो आणि पैसे किती मिळणार हे अर्थखातं ठरवतं. त्यामुळे तुरुंगाच्या बजेटला कात्री लागली की ती फिरून फिरून एकाच जागी येते. धान्य, औषधं, वीजबिल यांतून फारसं काही वाचत नाही. मोठा खर्च पगारांचा, म्हणून कपातही तिथेच.

हे कसं घडतं आणि त्यातून काय काय ओढवतं, ते पाहायला इंग्लंड आणि वेल्सचं उदाहरण सोयीचं आहे. 2010 नंतर तिथे कैद्यांची संख्या जवळपास तेवढीच राहिली आणि पहारेकरी झपाट्याने कमी झाले. शिवाय मारहाण, स्वतःला इजा, मृत्यू यांचे आकडे तिथे दर तीन महिन्यांनी जाहीर होतात, आणि तुरुंग निरीक्षक न कळवता दारात उभे राहतात. अहवालात भाषा मवाळ करण्याची त्यांना सवय नाही. त्यामुळे कारण आणि परिणाम शेजारी ठेवून पाहता येतात.

कैदी कमी होणार होते

2010 मध्ये आलेल्या युती सरकारने न्याय मंत्रालयाच्या खर्चात चार वर्षांत, महागाई धरून, 23 टक्के कपात ठरवली. तेव्हाचे न्यायमंत्री केनेथ क्लार्क यांचा हिशेब निदान पूर्ण तरी होता: पैसे कमी, तर कैदीही कमी. सुरुवातीलाच गुन्हा कबूल करणाऱ्याला शिक्षेत निम्म्यापर्यंत सूट द्यायची, म्हणजे खटल्यांचा खर्च वाचेल आणि कोठड्याही रिकाम्या होतील, असा बेत होता. त्यावर ओरड झाली आणि जून 2011 मध्ये सरकारने सूट मागे घेतली. दोनच महिन्यांनी लंडन आणि इतर शहरांत दंगली उसळल्या, कोर्टांनी भराभर माणसं आत पाठवली आणि 2 डिसेंबर 2011 रोजी कैद्यांचा आकडा 88,179 वर गेला. तोवरचा तो उच्चांक होता.

म्हणजे कैदी कमी करायची योजना गेली आणि पैसे कमी करायची योजना तेवढी राहिली. पुढच्या दहा वर्षांत जे झालं त्याची मेख इथे आहे, आणि चर्चेत नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी येते.

2012 मध्ये ख्रिस ग्रेलिंग न्यायमंत्री झाले. सरकारी तुरुंग खासगी कंपन्यांना देण्याऐवजी त्यांनी 'बेंचमार्किंग' आणलं. प्रत्येक प्रकारच्या तुरुंगाला कोणत्या कामासाठी किती माणसं पुरतील याचा एक काटेकोर तक्ता बनवायचा आणि त्याहून जास्त असतील ती कमी करायची. जुन्या कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देऊ केली. नव्यांसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी आधीच सुरू झाली होती. पंधराहून जास्त लहान, जुने तुरुंग बंद केले, कारण लहान तुरुंगात दर कैद्यामागे खर्च जास्त पडतो. सरकारी तुरुंगांत कैद्यांशी थेट काम करणारे अधिकारी 2010 मध्ये सुमारे 25 हजार होते, ते काही वर्षांत 18 हजारांच्या आसपास आले. कैदी मात्र 85 हजारांच्या घरातच.

एका जागेला साडेपाच माणसं

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. तुरुंगात चोवीस तास भरलेली ठेवायची एक जागा म्हणजे आठवड्याचे 168 तास. एक अधिकारी आठवड्याला 37 तास काम करतो असं धरलं तर साडेचार माणसं झाली. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळवलं की आकडा साडेपाचच्या पुढे जातो. म्हणजे कागदावर साडेपाच माणसं कमी केली की प्रत्यक्षात गॅलरीतलं फक्त एक माणूस कमी होतं. बचत करणाऱ्याला साडेपाच पगार दिसतात. गॅलरीत उभं राहून पाहणाऱ्याला वाटतं, एकच तर गेला.

आणि ठरलेली माणसंही त्या दिवशी जागेवर असतीलच असं नाही. समजा, एका विंगमध्ये तीन मजले, 180 कैदी, आणि सकाळच्या पाळीला तक्त्याप्रमाणे सात अधिकारी हवेत. एकाने आजारी असल्याचा फोन केला. रात्री एका कैद्याच्या छातीत दुखलं म्हणून त्याला शहरातल्या इस्पितळात हलवलंय, त्याच्या खाटेशेजारी दोन अधिकारी हवेतच, तो उठून पळण्याच्या स्थितीत नसला तरी. एक कैदी जिवाचं बरंवाईट करेल अशी भीती आहे, त्याच्या दारासमोर एकाला अखंड बसून राहायचंय. सातातले चार गेले. उरले तीन.

तीन जणांनी 180 कैद्यांची दारं उघडायची नसतात. मग विंगचा प्रमुख एकेक मजला उघडायचं ठरवतो. पहिल्या मजल्याला चाळीस मिनिटं. तेवढ्यात अंघोळ, फोनची रांग, अर्ज देणं, कोठडी झाडणं, साबण संपलाय तो मागणं. दुसऱ्या मजल्याची पाळी येईपर्यंत जेवणाची वेळ होते, तिसऱ्याचं उद्या बघू. सुतारकामाचा वर्ग उघडा आहे, शिक्षक येऊन बसलेत, पण विंगपासून वर्गापर्यंत कैद्यांना नेणारं कुणी नाही. शिक्षकाचा पगार तर चालूच आहे. वाचनालयाचं तेच, दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं तेच. एका पहारेकऱ्याचा पगार वाचवताना दुसऱ्या खात्यांतून दिलेले चार पगार वाया जातात. हा तोटा तुरुंगाच्या जमाखर्चात कुठेच लिहिला जात नाही.

दिवसाला बावीस-तेवीस तास कोठडी बंद, असं इंग्लंडच्या निरीक्षकांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतं. ती कोठडीही डोळ्यांसमोर आणायला हवी. व्हिक्टोरियन काळात एका माणसासाठी बांधलेली खोली, आता तिच्यात दोन पलंग एकावर एक. कोपऱ्यात संडास, पडदा असला तर असला. जेवणही तिथेच. 2016 मध्ये एका कैद्याच्या दिवसभराच्या जेवणाला 2 पाउंड 2 पेन्स ठरलेले होते, आणि तेवढ्यात तीन वेळा भागवायचं. सकाळी नाश्ता वाटायला माणसं लागतात, म्हणून नाश्त्याची पिशवी आदल्या दिवशीच हातात देतात: मूठभर सिरियल, टिकाऊ दुधाचं छोटं पाकीट, चहाची पावडर. संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमारास होतं, रात्री नऊला भूक लागते, पिशवी तेव्हाच संपते. सकाळी पोट रिकामं आणि दार बंद.

भूक, कंटाळा, एकाचे दोन

इथून हिंसेची सुरुवात होते, आणि ती चित्रपटात दिसते तशी नसते. कैद्याला आठवड्यातून एकदा कँटीनचं सामान मिळतं. मधल्या दिवसांत ज्याच्याकडे बिस्किटं, तंबाखू किंवा व्हेप असेल त्याच्याकडून उसनं घ्यायचं आणि कँटीनच्या दिवशी दुप्पट परत करायचं. एकाचे दोन, चुकलं तर दोनाचे चार. त्यात 2013-14 पासून 'स्पाइस' नावाचा कृत्रिम गांजासारखा पदार्थ पसरला. तो द्रवात विरघळवून कागदावर शिंपडता येतो, म्हणून पत्रातूनही आत येई. तेवीस तास बंद असलेल्या माणसाला वेळ मारायला हवाच असतो, आणि त्या बाजारात उधारी उघडीच असते. कर्ज फिटलं नाही की मार बसतो. मार चुकवायचा तर कोठडीतून बाहेरच यायचं नाही, किंवा मुद्दाम नियम मोडून शिक्षेच्या विभागात जायचं, किंवा स्वतःला इजा करून घ्यायची म्हणजे दुसरीकडे हलवतील.

पूर्वी हे वेळेत कळत असे, कारण गॅलरीत वीस वर्षं काढलेला अधिकारी होता. काल हसणारा आज ताट परत करतोय, दोन टोळ्यांतली माणसं अचानक एकमेकांकडे बघत नाहीत, रविवारी विंग नको तेवढी शांत आहे, हे त्याला कळायचं. त्याला उद्देशून कुणीतरी जाता जाता पुटपुटायचं, "साहेब, तीन नंबरमध्ये बघा जरा." ही पुटपुट म्हणजे तुरुंगातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची खबर. पण ती देण्यासाठी कैद्याला साहेबाचं नाव माहीत असावं लागतं, आणि साहेबाकडे दोन मिनिटं असावी लागतात. स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेने नेमका हाच माणूस घरी पाठवला. जास्त पगार त्याचा होता, त्यामुळे तक्त्यात बचतही त्याच्यातच जास्त दिसत होती.

आकडे बोलके आहेत. 2012 मध्ये इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत मारहाणीच्या साधारण साडेचौदा हजार घटना नोंदल्या गेल्या होत्या, 2019 मध्ये त्या 32 हजारांच्या वर होत्या. कर्मचाऱ्यांवरचे हल्ले तीन हजारांच्या आतून दहा हजारांच्या घरात गेले. स्वतःला इजा करण्याच्या घटना सुमारे 23 हजारांवरून 60 हजारांच्या पुढे गेल्या. 2012 मध्ये 61 कैद्यांनी आत जीव दिला होता, 2016 मध्ये जवळपास दुप्पट. सगळं खापर कपातीवर फोडणं बरोबर नाही. स्पाइस कपातीने जन्माला घातलं नाही. पण ते रोखायला लागणारी झडती, कुत्री, गस्त आणि कैद्यांशी बोलणं, हे सगळं माणसांनीच करायचं काम आहे.

इथे एक चक्र सुरू होतं. धोक्यात असलेल्या कैद्यासाठी एक नारंगी फाइल उघडतात. त्याला तासाला किती वेळा पाहायचं, कुणी बोलायचं, हे तीत लिहिलेलं असतं. पाहणी अनियमित अंतराने व्हावी असा नियम आहे, कारण बरोबर ठरावीक वेळेलाच कुणी डोकावतं हे कळलं की मधला वेळ मोकळा असतो हेही कळतं. एका अधिकाऱ्याकडे अशा दोन फाइली असतील तर तो नीट बघतो. दहा असतील तर पाळी संपताना सगळ्या नोंदी एकदम भरल्या जातात. आणि इजा झालीच तर इस्पितळात दोन माणसं, म्हणजे विंगवर आणखी दोन कमी, म्हणजे आणखी एक मजला बंद, म्हणजे आणखी फाइली.

2016 च्या शेवटी हे उघड्यावर आलं. 6 नोव्हेंबरला बेडफर्डच्या तुरुंगात कैद्यांनी दोन विंगांचा ताबा घेतला. 15 नोव्हेंबरला हजारो अधिकारी काम सोडून फाटकाबाहेर उभे राहिले. तिथे त्यांना कायद्याने संप करता येत नाही, म्हणून सरकारने त्याच दिवशी हायकोर्टातून मनाई आणली. 16 डिसेंबरला बर्मिंगहॅममध्ये एका अधिकाऱ्याच्या किल्ल्या हिसकावल्या गेल्या आणि चार विंगा बारा तासांहून जास्त वेळ हाताबाहेर होत्या. बर्मिंगहॅमचा तुरुंग 2011 पासून जी-फोर-एस ही खासगी कंपनी चालवत होती. ऑगस्ट 2018 मध्ये मुख्य निरीक्षक पीटर क्लार्क यांनी तिथली अवस्था पाहून तातडीची सूचना दिली आणि सरकारने तुरुंग परत आपल्याकडे घेतला.

फुटकी खिडकी

कपातीत डागडुजी हे दुसरं सोपं सावज. पगार नाही दिला तर माणूस बोंब मारतो, गळकं छप्पर काही बोलत नाही. 2015 पर्यंत तुरुंगाचे स्वतःचे गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असत. नंतर हे काम कंत्राटावर कॅरिलियन आणि एमी या दोन कंपन्यांना दिलं. आधी नळ गळतोय म्हणून ओळखीच्या प्लंबरला हाक मारली की काम व्हायचं. आता तक्रार प्रणालीत टाकायची, ती कंत्राटात बसते का ते तपासायचं, मुद्दाम मोडतोड असेल तर वेगळा दर, मग माणूस येणार, आणि तो आल्यावर त्याच्यासोबत उभं राहायला अधिकारी मोकळा नाही म्हणून परत जाणार. अपेक्षित बचत झाली नाही, खर्च मात्र वाढला. जानेवारी 2018 मध्ये कॅरिलियन बुडाली आणि सरकारला घाईघाईने स्वतःची कंपनी काढावी लागली.

सप्टेंबर 2017 मध्ये लिव्हरपूलच्या तुरुंगात गेलेल्या निरीक्षकांना उंदीर, खिडक्यांतून फेकलेल्या कचऱ्याचे ढीग आणि डागडुजीची दोनेक हजार खोळंबलेली कामं सापडली. खिडकीची काच हा सौंदर्याचा विषय नाही. फुटक्या खिडकीतून ड्रोनने लटकवलेलं पाकीट आत ओढता येतं. 2024 मध्ये मँचेस्टरच्या तुरुंगात तर कैदी चहाच्या किटलीच्या तापलेल्या कॉइलने प्लास्टिकच्या खिडकीला भोक पाडून माल घेत होते.

साचलेल्या डागडुजीचा हिशेब तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने केला आहे. 2020 च्या सुमारास 90 कोटी पाउंड, 2024 मध्ये 180 कोटी. चार वर्षांत दुप्पट. याला बचत म्हणायचं की चढ्या व्याजाचं कर्ज, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फाटकाबाहेर

तुरुंगातून सुटल्यावर माणसावर लक्ष ठेवणारं आणि त्याला मार्गी लावणारं खातं म्हणजे प्रोबेशन. आपल्याकडे ते फारसं दिसत नाही, इंग्लंडमध्ये ते तुरुंगाचा जोडभाऊ आहे. जून 2014 मध्ये तिथल्या 35 स्थानिक प्रोबेशन संस्था मोडून दोन भाग केले. जास्त धोक्याचे गुन्हेगार सरकारकडे, बाकीचे 21 नव्या कंपन्यांकडे, ज्या पुढच्या वर्षी खासगी मालकांना दिल्या. पैशाचा एक भाग निकालावर, म्हणजे पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण घटलं तर. कागदावर छान वाटतं. पण कंपन्यांकडे येतील असं धरलेली प्रकरणं तेवढी आलीच नाहीत, उत्पन्न घसरलं, मग त्यांनीही तेच केलं जे तुरुंगाने केलं होतं: माणसं कमी. एकेका अधिकाऱ्याकडे प्रकरणांचा डोंगर आणि भेटीऐवजी सहा आठवड्यांतून एक फोन, असं प्रोबेशनच्या निरीक्षकांना आढळलं. कंत्राटं मुदतीआधी संपवावी लागली. मूळ कंत्राटांत ठरलं होतं त्यापेक्षा किमान 46 कोटी 70 लाख पाउंड जास्त मोजावे लागतील, असं लेखापरीक्षकांनी 2019 मध्ये सांगितलं. जून 2021 मध्ये सगळं पुन्हा सरकारी झालं.

याचा अर्थ सुटलेल्या माणसाच्या अंगाने पाहा. शुक्रवारी दुपारी तो फाटकाबाहेर येतो. खिशात सुटकेचा भत्ता 46 पाउंड. ही रक्कम 1995 पासून ऑगस्ट 2021 पर्यंत बदलली नव्हती, मग 76 झाली. त्याला पाच वाजायच्या आत प्रोबेशन कार्यालयात हजेरी लावायची, नगरपालिकेत घरासाठी अर्ज करायचा, सरकारी मदतीच्या कार्यालयात जायचं, आणि व्यसनमुक्तीचं औषध चालू असेल तर औषधाच्या दुकानात पोचायचं. चार ठिकाणं, चार टोकांना, सोमवारपर्यंत सगळी बंद. यातली एक हजेरी चुकली तरी अटी मोडल्या म्हणून त्याला परत आत बोलावता येतं. शुक्रवारच्या सुटका एक-दोन दिवस अलीकडे आणायची मुभा देणारा कायदा 2023 मध्ये झाला, म्हणजे एवढं साधं समजायलाही किती वेळ लागला बघा. अटी मोडल्याबद्दल परत आत आलेले कैदी 2024 मध्ये बारा हजारांहून जास्त होते. दोन मोठे तुरुंग बांधूनही तीन-चार हजारांचीच सोय होते, यावरून अंदाज घ्या.

बिल कधी आलं

या सगळ्या बचतीचं बिल कोठड्या संपल्या तेव्हा आलं. 2021 मध्ये सरकारने 2025 च्या आसपास 20 हजार नव्या जागांचं वचन दिलं होतं. सप्टेंबर 2024 पर्यंत साडेसहा हजार झाल्या. उरलेल्यांना आता 2031 उजाडेल आणि खर्च मूळ अंदाजापेक्षा किमान 420 कोटी पाउंडांनी जास्त होईल, असं लेखापरीक्षण सांगतं. तोवर पोलिसांच्या लॉकअपमध्ये कैदी ठेवले, ऑक्टोबर 2023 पासून काहींना 18 दिवस आधी सोडलं, मग ते 18 दिवस वाढत 70 पर्यंत गेले. सप्टेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात कैदी 88,521 झाले, नवा उच्चांक. 10 सप्टेंबरला नव्या सरकारने निम्म्याऐवजी 40 टक्के शिक्षा भोगलेल्यांना सोडायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी सुमारे 1,700 जण बाहेर आले, आणि त्यांत 37 जण असे होते ज्यांना सोडायचंच नव्हतं.

हा शेवटचा आकडा गमतीचा नाही. कुणाची सुटका कधी हे ठरवणं किचकट काम आहे: कच्च्या कैदेचे दिवस वजा, दोन शिक्षा एकत्र की एकामागून एक, कोणत्या गुन्ह्याला सूट नाही. हे काम करणाऱ्या कारकुनांच्या खोलीतही तीच टंचाई होती. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात 262 कैदी चुकून सुटले. त्याआधीच्या वर्षी 115.

मूळ कल्पना आठवून पाहा. केनेथ क्लार्कना 2011 मध्ये आखून, कोर्टाच्या देखरेखीखाली, कमी माणसं आत ठेवायची होती. ते राजकीयदृष्ट्या महाग वाटलं. तेरा वर्षांनी तेच करावं लागलं, पण घाईत, यादीतल्या चुकांसकट.

भरती केली तर?

नोव्हेंबर 2016 मध्ये सरकारने 2,500 अधिकारी घ्यायचं ठरवलं आणि 2018 पर्यंत घेतलेही. संख्या भरली, पण जे गेलं होतं ते संख्येत मोजता येणारं नव्हतं. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर नवा मुलगा विंगवर येतो तेव्हा त्याने काम शिकायचं ते शेजारच्याकडून, आणि शेजारचाच वर्षभरापूर्वी आलेला. नियम माहीत असतात, पण कुठे कडक व्हायचं आणि कुठे काणाडोळा करायचा हे पुस्तकात नसतं. घाबरलेला अधिकारी एक तर सगळ्याला 'नाही' म्हणतो नाहीतर सगळ्याला 'हो'. दोन्हींनी विंग बिघडते. मग तो नोकरी सोडतो. 2022-23 मध्ये वर्षाला शंभरातले दहाहून जास्त अधिकारी सोडून जात होते. भोक असलेल्या घागरीत पाणी भरत राहायचं, असा प्रकार.

लिव्हरपूल मात्र सुधारलं. अहवालानंतर तिथले कैदी बरेच कमी केले, खिडक्या बदलल्या, पैसा दिला, आणि 2019 मध्ये निरीक्षकांना ते ओळखू येणार नाही इतकं बदललेलं दिसलं. नुसते पैसे नव्हे, आधी कैदी कमी आणि मग डागडुजी, हा क्रम तिथे कामी आला.

आपल्याकडे

महाराष्ट्रात 'कपात' हा शब्द नीट बसत नाही. आपल्याकडे जे मंजूर असतं तेच पूर्ण भरलं जात नाही. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असं प्रमाण सुचवलं आहे. ते वाचून कुठल्याही जेलरला हसू येईल. मुंबईतल्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता अनेक वर्षं 804 होती, आणि आत तीन हजारांच्या वर बंदी ही तिथली नेहमीची स्थिती. इंग्लंडपेक्षा एक मोठा फरक मात्र आहे. 2022 च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातले जवळपास शहात्तर. त्यांना तारखेला कोर्टात न्यायला पोलिसांची गार्ड पार्टी लागते. सणासुदीचा, निवडणुकीचा बंदोबस्त असला की ती मिळत नाही. पेशी चुकते, तारीख पुढे जाते, आणि ज्याचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नाही तो आणखी पंधरा दिवस बराकीतच. व्हिडिओ कॉन्फरन्समुळे नुसती तारीख वाढवण्याचं काम भागतं, वकिलाशी कानात दोन शब्द बोलायचं भागत नाही. इंग्लंडमध्ये माणसांची टंचाई कोठडीचं दार उघडू देत नाही, आपल्याकडे ती फाटकच उघडू देत नाही.

कुठल्याही तुरुंगाची हालत जोखायची असेल तर बजेटच्या आकड्याने सुरुवात करू नये. मंजूर पदं किती हे विचारलं की पुढचं विचारावं: भरलेली किती, त्यांतली दुसरीकडे पाठवलेली किती, आणि दोन वर्षांहून कमी नोकरी झालेली किती. तेही मिळालं नाही तर इंग्लंडचे निरीक्षक करतात ते करावं. ते कामाच्या दिवशी सकाळी मध्यावर विंगमधून चालत जातात आणि शिक्षण, काम, व्यायाम चालू असायच्या त्या वेळी किती जण बंद दारामागे पलंगावर पडलेत ते एकेक कोठडी बघून मोजतात.